सेरेब्रल पाल्सी : मेंदूचा स्कॅन कशासाठी करावा, कसा समजून घ्यावा

सहा महिन्यांचं बाळ अजून मान धरत नाही. एका हाताची मूठ सतत आवळलेली असते, पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात. डॉक्टर ‘सेरेब्रल पाल्सी’ असं सांगतात आणि एमआरआय लिहून देतात. पुढे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. रिपोर्टमध्ये मेंदूला इजा दिसली, तर ‘आता काही होणार नाही’ म्हणून घर खचतं. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तर ‘मग मूल बसत का नाही?’ असं विचारत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फेऱ्या सुरू होतात. दोन्ही ठिकाणी स्कॅनकडून नको ती अपेक्षा ठेवलेली असते.

मेंदूचा स्कॅन काही प्रश्नांची उत्तरं फार चांगली देतो आणि काही प्रश्नांची देऊच शकत नाही. हा फरक पालकांना आधीच कळला, तर पैसा, वेळ आणि मुख्य म्हणजे मुलाच्या वाढीचे मोलाचे महिने वाचतात.

आधी आजाराविषयी थोडं

गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाली अथवा त्याची घडण नीट झाली नाही, की हालचाल आणि शरीराची ठेवण यांत कायमचा अडथळा येतो. त्यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतली ही इजा पुढे वाढत जात नाही. मूल मोठं होताना स्नायू आखडणं, सांधे सरकणं असे त्रास वाढू शकतात, पण मूळ जखम तेवढीच राहते. श्रीमंत देशांत आज हजार जन्मांमागे दोनपेक्षा कमी मुलांना ही स्थिती असते. भारतातल्या पाहण्या एकत्र केल्यावर हे प्रमाण हजारी सुमारे ३ येतं.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१ साली या मुलांच्या ताठरपणाचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे मनोविश्लेषणासाठी जगाला माहीत झालेले सिग्मंड फ्रॉइड तेव्हा मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. त्यांनी १८९७ मध्ये वेगळी शंका मांडली. अवघड बाळंतपण हे मूळ कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचा तो परिणामही असू शकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मेंदूच्या आत पाहण्याचं साधन त्यांच्यापाशी नव्हतं. ते एमआरआयच्या रूपाने आलं आणि अनेक मुलांमध्ये इजा प्रसूतीच्या कितीतरी आधीची असते, हे स्पष्ट झालं.

याचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. ‘ग्रहण पाळलं नाही’, ‘पपई खाल्ली’, ‘कामाला जात राहिली’ असे दोष देऊन आजही आईला बोल लावले जातात. स्कॅनमुळे इजेचा काळ आणि प्रकार कळतो, तेव्हा अशा आरोपांना मुळात आधारच नाही हे सासरच्या मंडळींना डॉक्टरांसमोर बसवून दाखवता येतं. स्कॅनचा हा उपयोग कमी लेखू नका.

कोणता स्कॅन कशासाठी

सोनोग्राफी : बाळाची टाळू भरलेली नसते तोवर, म्हणजे साधारण पहिलं वर्ष-सव्वा वर्ष, टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी करता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ती पहिली तपासणी आहे. यंत्र बाळाच्या काचेच्या पेटीजवळ नेता येतं, भूल लागत नाही. मेंदूतला मोठा रक्तस्राव आणि पोकळ्यांमध्ये साठलेलं पाणी तिच्यात दिसतं. सूक्ष्म इजा मात्र तिला निसटू शकते.

सीटी स्कॅन : काही सेकंदांत होतो, पण त्यात क्ष-किरणांचा मारा असतो. डोक्याला मार लागला असेल, ताजा रक्तस्राव किंवा तातडीची शंका असेल तेव्हा तो हवाच. सेरेब्रल पाल्सीचं कारण शोधण्यासाठी मात्र तो दुसऱ्या पसंतीचा आहे. कोणी नेहमीची तपासणी म्हणून सीटी लिहून दिला, तर ‘एमआरआय चालेल का?’ असं नम्रपणे विचारा.

एमआरआय : यात चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी वापरतात, क्ष-किरण नसतात. मेंदूचा पांढरा भाग, करडा भाग आणि खोलवरची केंद्रं यांचं सर्वांत स्पष्ट चित्र यातच मिळतं. कारण माहीत नसेल तर सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा स्कॅन करावा आणि सीटीपेक्षा एमआरआय निवडावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये केली. आजही तोच दंडक आहे.

एमआरआय कधी करावा, आणि कशासाठी थांबू नये

जन्मतः गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाचा एमआरआय पहिल्या एक-दोन आठवड्यांत केला, तर खूप माहिती मिळते. फार आधी जन्मलेल्या बाळाचा एमआरआय बहुधा बाळंतपणाची मूळ तारीख उलटण्याच्या सुमारास करतात. इतर मुलांमध्ये डॉक्टर कधी कधी दोन वर्षांपर्यंत थांबायला किंवा स्कॅन पुन्हा करायला सांगतात. त्याला कारण आहे. मेंदूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण चढण्याचं काम पहिल्या दोन वर्षांत जोरात चालू असतं. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात पांढरा आणि करडा भाग चित्रात एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि बारीक इजा लपून राहू शकते.

थांबायचं ते फक्त स्कॅनसाठी. व्यायाम आणि उपचार एक दिवसही थांबवू नका. निदानासाठी स्कॅनखेरीज दोन उत्तम साधनं आहेत आणि ती स्वस्त आहेत. हाइन्झ प्रेख्टल यांनी विकसित केलेल्या पद्धतीत बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचं निरीक्षण करतात. साधारण तीन महिन्यांच्या बाळाला उताणं ठेवून, ते जागं आणि शांत असताना, खेळणं किंवा चोखणी न देता तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ काढतात आणि प्रशिक्षित डॉक्टर किंवा थेरपिस्ट तो पाहतात. दुसरं साधन म्हणजे हॅमरस्मिथ तपासणी. यात कोणत्याही यंत्राशिवाय बाळाचा ताण, ठेवण आणि प्रतिक्षिप्त क्रिया यांना गुण देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार, पाच महिन्यांच्या आत सेरेब्रल पाल्सी ओळखण्यात हालचालींच्या निरीक्षणाची संवेदनक्षमता ९८ टक्के, हॅमरस्मिथची ९० टक्के आणि एमआरआयची ८६ ते ८९ टक्के आहे. म्हणजे एमआरआयची तारीख महिनाभर लांबली म्हणून निदान किंवा उपचार अडत नाहीत.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर ही सगळी वयं त्याच्या मूळ तारखेपासून मोजा. दोन महिने आधी जन्मलेलं पाच महिन्यांचं बाळ या हिशेबात तीन महिन्यांचं असतं.

रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असतं

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बदल दिसतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी या बदलांचे गट पाडले आहेत. त्यातले मुख्य तीन ओळखता आले, तरी रिपोर्ट बराच उलगडतो.

पहिला, मेंदूची घडणच वेगळी होणं. मेंदूच्या पेशी आपापल्या जागी पोहोचण्याचं आणि घड्या पडण्याचं काम गर्भारपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत चालतं. तिथे बिघाड झाला तर लिसेनसेफॅली, स्किझेनसेफॅली असे शब्द रिपोर्टमध्ये येतात. यामागे कधी जनुकीय कारण असतं. पुढच्या गर्भारपणाचा विचार असेल तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

दुसरा, पांढऱ्या भागाची इजा. ‘पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया’ किंवा ‘पीव्हीएल’ असं लिहिलेलं दिसेल. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. गर्भाच्या २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात मेंदूतल्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग फार नाजूक असतो. पायांकडे जाणारे तंतू याच पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात, म्हणून या मुलांचे पाय हातांपेक्षा जास्त ताठ असतात. डोळ्यांकडून आलेला संदेश नेणारे तंतूही जवळच असतात. त्यामुळे डोळे तपासणीत ठीक असूनही मुलाला खालच्या बाजूचं नीट उमगत नाही आणि ते पायऱ्या उतरताना, उंबरठा ओलांडताना अडखळतं. रिपोर्टमध्ये पीव्हीएल असेल तर दृष्टीची ही वेगळी तपासणी आवर्जून मागा.

तिसरा, करड्या भागाची इजा. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्माच्या सुमारास ऑक्सिजन कमी पडला, तर मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस या केंद्रांना धक्का बसतो. तीव्र काविळीतही खोलवरचं एक ठरावीक केंद्र बाधित होतं. अशा मुलांत नको त्या हालचाली, वेडेवाकडे पीळ, गिळण्याची अडचण जास्त दिसते. काविळीचा इतिहास असेल तर श्रवणाची ‘बेरा’ तपासणी चुकवू नका. जन्माच्या सुमारास मेंदूची एखादी रक्तवाहिनी बंद झाली तर एका बाजूचा भाग जातो आणि शरीराची विरुद्ध बाजू कमकुवत होते.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. ही इजा साधारण कोणत्या काळातली आहे? मुलात दिसणाऱ्या त्रासाशी ती जुळते का? यामुळे आणखी कोणत्या तपासण्या लागतील : डोळे, कान, आकडी, जनुकीय? आणि उपचारांच्या आराखड्यात नेमका काय बदल करायचा? चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घ्या.

‘मूल चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या ओठावर असतो. त्याचं उत्तर स्कॅनपेक्षा मुलाच्या प्रत्यक्ष हालचालींवरून जास्त नेमकं मिळतं. त्यासाठी कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये जीएमएफसीएस ही पाच पातळ्यांची पद्धत तयार केली. दोन वर्षांनंतर ठरवलेली पातळी बहुधा टिकून राहते. मोठी इजा दिसूनही चालणारी मुलं आहेत, आणि छोटी इजा नेमक्या जागी असल्याने जास्त अडणारी मुलंही आहेत. मुलाची पातळी कोणती, हे थेरपिस्टकडून जाणून घ्या.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तर

दहा ते पंधरा टक्के मुलांत असं होतं. म्हणून निदान खोटं ठरत नाही. पण डॉक्टरांनी आणखी खोलात जायला हवं, असा तो इशारा आहे. सेरेब्रल पाल्सीसारखे दिसणारे काही आजार वेगळेच असतात आणि त्यांतल्या काहींवर औषध आहे. उदाहरणार्थ, डोपा नावाच्या औषधाला साथ देणारा एक जनुकीय आजार. यात मूल सकाळी बरं चालतं आणि संध्याकाळी पाय वाकडे पडू लागतात. योग्य औषधाच्या लहान मात्रेने यात कमालीचा फरक पडतो. म्हणून एमआरआय नॉर्मल असून बाळंतपणात काहीच अडचण नव्हती, घरात दुसऱ्या मुलाला असाच त्रास आहे, दिवसभरात त्रास कमी-जास्त होतो किंवा मूल आधी शिकलेलं विसरत चाललं आहे, यांपैकी काहीही असेल तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना ते स्पष्ट सांगा. शिकलेलं विसरणं हे सेरेब्रल पाल्सीचं लक्षण नाही, ही खूणगाठ बांधा.

मेंदूचं काम दाखवणाऱ्या तपासण्या

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. कोणत्या गल्लीतलं कोणतं घर पडलं हे गावाच्या नकाशावरून कळावं तसं. पण बाजाराच्या दिवशी माणसं कुठून कुठे जातात, पडलेल्या घराला वळसा घालून नवी वाट कुठून निघाली, हे नकाशा सांगत नाही. ते पाहण्यासाठी वेगळी तंत्रं लागतात.

फंक्शनल एमआरआय म्हणजे एफएमआरआय हे त्यातलं प्रमुख तंत्र. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ काही सेकंदांत वाढतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा फरक चित्रात टिपता येतो हे दाखवलं आणि १९९२ पासून माणसांवर त्याचा वापर सुरू झाला. मुलाला यंत्रात झोपवून मूठ उघडझाप करायला सांगतात आणि त्या वेळी मेंदूतला कोणता भाग जागा होतो ते मोजतात. ज्यांना सूचना पाळता येत नाहीत अशा मुलांसाठी विश्रांतीतला एफएमआरआय असतो. भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की माणूस नुसता पडून असला तरी मेंदूचे एकत्र काम करणारे भाग एका लयीत असतात. त्या लयीवरून जोडण्यांचा अंदाज येतो.

डिफ्युजन टेन्सर इमेजिंग म्हणजे डीटीआयमध्ये पाण्याच्या रेणूंच्या सरकण्यावरून तंतूंच्या जुड्या कुठून कुठे जातात ते कळतं. टीएमएसमध्ये डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूला हलका स्पंद देतात आणि कोणता स्नायू हलतो ते पाहतात. एफनिर्समध्ये टोपीतून सौम्य अवरक्त प्रकाश सोडून मेंदूच्या वरच्या थरातलं रक्त मोजतात. यात मूल आईच्या मांडीवर बसू शकतं.

या संशोधनाने काय शिकवलं

जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या मार्टिन श्टाउट आणि सहकाऱ्यांनी एका बाजूचा पक्षाघात असलेल्या तरुणांचा एफएमआरआय आणि टीएमएस करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. सामान्यतः मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा. पण इजा फार लवकर आणि मोठी झाली असेल, तर निरोगी बाजूच दोन्ही हात चालवू लागते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांच्या कामातून याचं कारण उलगडलं. जन्मतः मेंदूच्या प्रत्येक बाजूकडून शरीराच्या दोन्ही बाजूंना तंतू गेलेले असतात. पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यात चढाओढ लागते. ज्या तंतूंचा वापर होतो ते बळावतात, वापर नसलेले मागे पडतात. इजा झालेल्या बाजूचे तंतू या चढाओढीत आणखी हरतात.

हे समजलं तर कमकुवत हात पहिल्या वर्षापासून वापरात आणण्याचा आग्रह थेरपिस्ट का धरतात, ते पटेल. ‘मोठं झालं की करेल’ म्हणून दवडलेला काळ हा त्या चढाओढीचाच काळ असतो. बाळ वर्षाच्या आतच ठळकपणे एकच हात वापरत असेल, तर ‘डावखुरं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरा धडा स्पर्शाविषयी. बाल्टिमोरच्या अलेक्झांडर हून यांच्या गटाने २००२ मध्ये पीव्हीएल असलेल्या दोन मुलांचा डीटीआय केला. हालचालीचा संदेश खाली नेणाऱ्या तंतूंपेक्षा स्पर्शाचा आणि शरीराच्या जाणिवेचा संदेश वर नेणारे तंतू जास्त बाधित आढळले. पुढे मोठ्या गटांतही हेच दिसलं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे फक्त स्नायूंचा ताठरपणा, ही समजूत त्यामुळे बदलली. हातात वस्तू आहे हे न पाहता कळलं नाही, तर मूल तो हात वापरणार कसं? म्हणून खरखरीत-मऊ, थंड-कोमट, जड-हलकं अशा अनुभवांचा खेळ व्यायामाइतकाच महत्त्वाचा आहे. तांदळात लपवलेला चेंडू डोळे मिटून शोधणं, कणकेचा गोळा मळणं, ओल्या वाळूत खेळणं हे घरी रोज करता येतं.

तिसरा धडा भाषेचा. भाषेची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. डाव्या बाजूला फार लवकर इजा झालेल्या अनेक मुलांत बोलण्याचं काम उजवी बाजू उचलते, हे एफएमआरआयने दाखवलं. म्हणून ‘डावा मेंदू गेला, आता बोलणार नाही’ असं कोणी सांगितलं, तर ते अंतिम मानू नका.

चौथा धडा संशोधकांनाच मिळाला. ज्या मुलांत निरोगी बाजू दोन्ही हात चालवते, त्यांना सघन हस्तोपचारांचा फायदा कमी होईल असं आधी वाटत होतं. दोन्ही हातांच्या सघन सरावाचा अभ्यास केल्यावर मात्र दोन्ही प्रकारच्या मुलांत सुधारणा दिसली. मेंदूच्या चित्रावरून एखाद्या मुलाला उपचारातून वगळणं चूक ठरलं असतं. हा धडा पालकांनी कायम लक्षात ठेवावा.

मग आपल्या मुलाचा एफएमआरआय करावा का?

बहुतेक मुलांसाठी याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आकडीसाठी मेंदूची शस्त्रक्रिया ठरत असेल, तर भाषा आणि हालचालीची केंद्रं वाचवण्यासाठी एफएमआरआयची खरी गरज असते. एरवी तो संशोधनाचं साधन आहे. यात काही मिलिमीटर डोकं हललं तरी आकडे बिघडतात, आणि या मुलांना नेमकं स्थिर राहणंच अवघड असतं. भूल दिली तर मूठ उघडझाप करता येत नाही, शिवाय भुलीने मेंदूचं कामही बदलतं. ज्यांची स्थिती जास्त गंभीर आहे ती मुलं त्यामुळे अभ्यासातून गळतात आणि निष्कर्ष सौम्य त्रासाच्या मुलांवर बेततात. अभ्यास लहान गटांचे आणि सरासरीचे असतात. एका मुलाच्या रंगीत चित्रावरून त्याचं भविष्य सांगता येत नाही.

म्हणूनच एका धोक्याविषयी कळकळीने सांगायचं आहे. काही ठिकाणी उपचाराआधी आणि नंतर मेंदूचा स्कॅन दाखवून ‘पाहा, निळ्याचं लाल झालं’ असं म्हणत स्टेम सेलसारखे लाखोंचे उपचार विकले जातात. मूल किती जागं होतं, किती हललं, यंत्राची मांडणी काय होती, यांवरही असे रंग बदलतात. रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. उच्चदाबाच्या ऑक्सिजनचा कॅनडात १११ मुलांवर अभ्यास झाला आणि तो २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ऑक्सिजन घेतलेली आणि फक्त किंचित दाबाची हवा घेतलेली, दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. कोणी स्कॅनचे रंग दाखवले, तर एकच विचारा : माझं मूल आता असं काय करू शकतं, जे आधी करत नव्हतं? शेत, दागिने किंवा घर गहाण टाकण्याआधी त्या उपचाराशी संबंध नसलेल्या दुसऱ्या बालमेंदूविकारतज्ज्ञांचं मत घ्या.

खऱ्या संशोधनात सहभागी व्हायला मात्र घाबरू नका. या मुलांविषयी आज जे कळलं आहे, ते कुणा ना कुणा पालकांनी होकार दिला म्हणूनच. फक्त आधी खात्री करा. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का? उपचाराची चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, तिची नोंद आहे का? संमतिपत्र मराठीत दिलं का? संशोधनासाठी तुमच्याकडून पैसे घेता कामा नयेत, आणि कधीही बाहेर पडण्याची मुभा हवी. सात वर्षांवरच्या, समजू शकणाऱ्या मुलाला विचारून त्याचाही होकार घ्यायला हवा. बोलता येत नसलं तरी नकार त्याला कळवता येतो, त्याचा मान राखा.

एमआरआयची तयारी

तपासणीला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. काही महिन्यांपर्यंतचं बाळ पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानाला संरक्षण देऊन झोपेतच तपासता येतं. केंद्राला हे विचारा, भूल टळू शकते. मोठ्या मुलाला आधी घरी टेबलाखाली झोपवून, मोबाइलवर यंत्राचा आवाज ऐकवून स्थिर पडण्याचा खेळ खेळा.

भूल द्यायची असेल तर साधारण नियम असा : साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि जेवण सहा तास आधीपर्यंत. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. आकडीची औषधं स्वतःहून बंद करू नका, सकाळचा डोस कसा द्यायचा ते विचारा. सर्दी, ताप, छातीत घरघर असेल तर आधी कळवा. घास-घोट वारंवार ठसक्याने अडकत असेल, तर तेही सांगा.

धातूची प्रत्येक वस्तू काढा : वाळे, बिंदल्या, मनगट्या, कानातलं, करदोट्यातली चांदी, ताईत, कपड्यांवरची बटणं. मुलाला शंट, कॉक्लिअर इम्प्लांट, बॅक्लोफेन पंप किंवा हाडात बसवलेली पट्टी असेल तर तारीख ठरवतानाच सांगा आणि कार्ड सोबत न्या. काही शंटच्या झडपा एमआरआयनंतर पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.

रिपोर्टबरोबर चित्रांची सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्या. दुसरा डॉक्टर कागदापेक्षा चित्र पाहील, आणि तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ येणार नाही.

स्कॅननंतरची खरी कामं

सेरेब्रल पाल्सी असलेल्या दर तीन मुलांत एकाचा खुबा सरकतो, चारांत एकाला आकडी येते, चारांत तिघांना वेदना असतात. यांतलं बरंच काही मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून खुब्याचा एक्स-रे ठरावीक अंतराने काढा, डोळे आणि कान तपासा, आणि मूल रडत असेल तर ‘हट्टी आहे’ म्हणण्याआधी दुखतंय का ते पाहा. उपचारांत मुलाने स्वतः करण्यावर भर हवा. चमचा धरणं, शर्टात हात घालणं, पायरी चढणं अशी एकेक ठरवलेली गोष्ट खेळातून, रोज आणि पुष्कळ वेळा करायची. नुसतं मालीश किंवा दुसऱ्याने हातपाय हलवून दिल्याने मेंदूला सराव मिळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी मोफत होते, एमआरआयची सोयही तिथेच विचारा. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यखर्च देते आणि त्यात थेरपीही येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र लवकर काढून घ्या. ते मुलाच्या प्रत्यक्ष क्षमतेच्या तपासणीवरून मिळतं, एमआरआय नॉर्मल आहे म्हणून हक्क जात नाही.

स्कॅन एकदा, योग्य वेळी, योग्य प्रश्न घेऊन करा आणि फाइलमध्ये जपून ठेवा. त्यानंतर रोज पाहायचं आहे ते मुलाकडे : आज त्याने कशाकडे हात नेला, काय धरलं, काय मागितलं. थेरपी अजून सुरू केली नसेल, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता ती याच आठवड्यात सुरू करा.